नळी स्टीलची, ब्रश नावाला

चार नळ्या, एक ब्रश, एक कापडी पिशवी. बेळगावच्या खडेबाजारातून घ्या की मोबाईलवरून मागवा, स्टील स्ट्रॉचा संच साधारण असाच येतो. दोन सरळ, दोन वाकड्या, आणि पिळलेल्या तारेत नायलॉनचे केस अडकवलेला ब्रश. २०१६ साली कर्नाटकानं प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तू बंद केल्या, आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिक स्ट्रॉवर देशभर बंदी आहे. रसवंतीवर कागदी नळी आली. ती चौथ्या घोटाला लोळागोळा होते, म्हणून आपली नळी आपल्याच पिशवीत ठेवावी हे पुष्कळांना पटलं. पटण्यासारखंच आहे. अडचण एवढीच की पेला आतून दिसतो, नळी दिसत नाही.

म्हणून इथं रंग, चकाकी आणि पिशवीवर छापलेली हिरवी पानं यांना गुण नाहीत. नळी आतून स्वच्छ होते का आणि ती झाली हे घरच्या माणसाला कळतं का, एवढंच बघायचं. सोबत सिलिकॉन, काच, बांबू, तांबं यांच्या नळ्याही आल्या, आणि शाळेच्या बाटलीतली नळीही. तिला कुणी 'रियुजेबल स्ट्रॉ' म्हणत नाही, पण या सगळ्यांत जास्त मळ तिच्यातच सापडतो.

आधी मापं. नेहमीची नळी साडेएकवीस सेंटीमीटरच्या आसपास लांब, बाहेरून ६ मिलिमीटर, पत्रा अर्धा मिलिमीटर. म्हणजे आतलं भोक ५ मिलिमीटरचं. आतल्या भिंतीचं क्षेत्रफळ सुमारे ३४ चौरस सेंटीमीटर भरतं, पोस्टकार्डाचा साधारण पाव भाग. तेवढ्या जागेवर ताकाचा नाहीतर रसाचा पातळ लेप बसतो, आणि तिथं ना बोट जातं ना घासणी. ओल, साखर आणि ऊब मिळाली की जंतू वाढणारच. नळीची खोड त्याच्या पुढची आहे. जंतूंनी एकदा भिंत धरली की ते स्वतःभोवती चिकट थर करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. सकाळी दात घासायच्या आधी जिभेला दातांवर जे बुळबुळीत लागतं, ते याच जातीचं. पाण्याच्या धारेनं हा थर निघत नाही. उकळतं पाणी ओतलं तर बरेचसे जंतू मरतील, पण थर तिथंच राहतो आणि पुढच्या जंतूंना बसायला आयती जागा होते. नळी घासावीच लागते.

आता स्टील. खोक्यावर '३०४' किंवा '१८/८' लिहिलेलं असतं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. '३१६' मध्ये मॉलिब्डेनमही असतं, ते मिठाला आणि क्लोरीनला जास्त दाद देत नाही. पण रोजच्या घरगुती वापराला ३०४ पुरतं. स्वस्त संचात बहुतेकदा २०१ किंवा २०२ खपवतात. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यामुळं लिंबू, ताक, मीठ यांचा सततचा मारा त्याला कमी सोसतो आणि तांबूस ठिपके लवकर येतात. काही दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, "बघा, चिकटत नाही, अस्सल आहे." या परीक्षेवर जाऊ नका. २०१ लाही चुंबक चिकटत नाही, आणि खऱ्या ३०४ ची नळी ओढून वाकवून घडवलेली असल्यानं वाकाजवळ चुंबकाला थोडी ओढ घेऊ शकते. परीक्षा दोन्ही बाजूंनी फसते. ज्यांना खोट्या दागिन्यांनी कानाला-गळ्याला खाज सुटते त्यांना निकेलची ॲलर्जी असण्याचा संभव असतो. ओठांच्या कडेला चुरचुरायला लागलं तर स्टील सोडून सिलिकॉन घ्यावं.

विकत घेताना नळीचं तोंड बघा. कापसाचा छोटा बोळा घेऊन दोन्ही टोकांच्या कडेवरून गोल फिरवायचा, आतूनही आणि बाहेरूनही. कापसाचे तंतू अडकले म्हणजे कड नीट घासलेली नाही. बोटाला न जाणवणारा कंगोरा जिभेला आणि हिरडीला जाणवतो, शिवाय मळ पहिल्यांदा तिथंच धरतो. दुकानात कापूस मागायला संकोच वाटत असेल तर सुती रुमालाचा कोपरा चालतो.

घरी आणल्यावर लगेच प्यायला घेऊ नका. स्टीलला चमक आणायला जी पॉलिशची लुकणी वापरतात तिचा अंश आत राहिलेला असतो. काडीला कापूस गुंडाळून खाण्याच्या तेलात बुडवा आणि नळीत फिरवा. कापूस करडा-काळा आला तर ती लुकणी. साबणानं ती सहज सुटत नाही, तेलानं सुटते. कापूस पांढरा येईपर्यंत तेल, मग गरम पाणी आणि भांड्याचा साबण लावून ब्रश, मग खळखळून धुणं. हे एकदाच करायचं असतं, पण बहुतेक संचांच्या कागदावर याचा उल्लेखही नसतो.

संचातलं सगळ्यात हलकं काम ब्रशचं असतं. ५ मिलिमीटरच्या भोकाला ६ ते ७ मिलिमीटर व्यासाचे केस हवेत, म्हणजे आत शिरताना ते दुमडून भिंतीला रेटले जातात. संचातला ब्रश हाताला न अडखळता सर्रकन आत गेला तर तो घासत नाही, नुसता फिरतो. केसांचा भाग चार बोटं तरी हवा. तार मुठीसकट इतकी लांब हवी की दोन्ही टोकांकडून घातल्यावर मधला भाग दोनदा घासला जाईल. तारेचं टोक नुसतं कापलेलं नको, केसांनी झाकलेलं किंवा वळवलेलं हवं. उघडं टोक आत ओरखडे काढतं, आणि ओरखड्यात मळ बसतो तो मग कशालाच निघत नाही. तार साध्या लोखंडाची असेल तर महिन्याभरात गंजते. पाणी तांबूस आलं की दोष नळीवर येतो, गंजलेला असतो ब्रश. ब्रशलाही साबण लावून धुवायचं आणि केस खाली करून टांगायचं. ओला ब्रश पिशवीत नळ्यांबरोबर कोंबला की कालचा मळ उद्याच्या नळीला जातो. रोजच्या वापरात दोन-तीन महिन्यांत केस आडवे पडतात, तेव्हा तो टाकून द्यायचा. सुटा ब्रश बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, संच घ्या म्हणतात. हा व्यवहार उलटा आहे.

ब्रश नसेल तर मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावात उपाय शिकवायला नको. फौजी माणूस बंदुकीची नळी पुलथ्रूनं साफ करतो: दोरी, टोकाला वजन, मागं चिंधी. इन्सास रायफलीची नळी ५.५६ मिलिमीटरची, आपली ५ ची. फार फरक नाही. जाड दोऱ्याच्या एका टोकाला छोटा मणी बांधा, दुसऱ्या टोकाला दोन बोटं रुंद, चार बोटं लांब अशी जुन्या धोतराची किंवा सुती साडीची चिंधी. मणी नळीतून सोडला की दोरा आपोआप खाली येतो. चिंधी साबणाच्या पाण्यात भिजवून ओढायची. सैल जात असेल तर घडी वाढवा, अडकत असेल तर कमी करा. पाच-सहा वेळा ओढा, मग स्वच्छ चिंधी ओढून तिचा रंग बघा. नळीची आतली बाजू डोळ्यांना दिसण्याची सोय एवढीच, म्हणून ब्रश असला तरी आठवड्यातून एकदा चिंधी ओढावी. शिवाय चिंधी वाकडीतूनही जाते.

वाकडी नळी तोंडाला सोयीची पडते, पण धुवायला कटकटीची. वाक तोंडाकडच्या टोकापासून चार-पाच सेंटीमीटरवर असतो. ब्रश तिथं अडतो, बरेच जण जोर लावतात आणि तार वाकते. लांब बाजूनं घातलेला ब्रश वाकापर्यंतच न्यायचा, मग काढून आखूड बाजूनं वाकापर्यंत. तरीही वाकाच्या आतल्या अंगाला बोटाच्या पेराएवढी पट्टी अशी राहते की ब्रश तिच्यावरून नीट जात नाही. उजेडाकडं धरून बघायचं तर वाकडीतून उजेड आरपार येत नाही. त्यामुळं सरळ की वाकडी, या प्रश्नावर इथं दुमत नाही. सरळ घ्या. संचातल्या वाकड्या दोन नळ्या साध्या पाण्याला आणि शहाळ्याला ठेवा.

नळीतून काय प्यालो त्यावर धुणं ठरतं, आणि बहुतेक चुका इथंच होतात. ताक, लस्सी, मिल्कशेक झाला की आधी थंड पाणी. दुधातली प्रथिनं गरम पाण्यानं भिंतीवर चिकटून बसतात. दुधाचं पातेलं खळखळत्या पाण्यानं विसळणाऱ्याला हे ठाऊक असतं. थंड पाण्यानं विसळून, साबण-ब्रश करून मगच गरम पाणी. उसाच्या रसाचं वेगळं. त्यातल्या साखरेवर ल्युकोनॉस्टॉक नावाचे जंतू वाढतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा बुळबुळीत पदार्थ करतात. चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात साखर कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, तोडून चार दिवस पडलेला ऊस का नको असतो ते. हेच नळीत लहान प्रमाणावर होतं. दुपारी रस पिऊन नळी तशीच पिशवीत टाकली, संध्याकाळी बोटावर चाखली तर गोड आणि लिबलिबीत. त्यावर उपाय फार सोपा आहे. रस संपला की तिथंच बाटलीतलं साधं पाणी नळीनं दोन घोट ओढायचं. नव्वद टक्के धुणं तिथंच होतं असं म्हणायला हरकत नाही, उरलेलं घरी.

फालुद्यातला भिजलेला सब्जा आणि शेवया यांच्यासाठी ५ मिलिमीटरची नळी वापरूच नका. सब्जाच्या दाण्याभोवतीचं बुळबुळीत आवरण भिंतीला धरतं आणि वाळलं की चिकटून राहतं. ८ ते १० मिलिमीटरची रुंद नळी घ्या, किंवा चमचा आहेच की. १२ मिलिमीटरच्या, तिरपं टोक कापलेल्या नळ्या ऑनलाइन दिसतात. ते टोक पेल्याच्या तोंडावरचं पातळ प्लास्टिक फोडायला असतं, तोंडात धरायला नाही. उलटी धरली तर ओठ कापतो. घरात लहान मूल असेल तर ही जात नको.

रोजचं धुणं असं: थंड पाण्याची धार दोन्ही टोकांकडून, कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, ब्रश प्रत्येक बाजूनं दहा वेळा, आत-बाहेर आणि थोडा पिळत, मग पाणी साबणाचा फेस जाईपर्यंत. आठवड्यातून एकदा एक लिटर गरम पाण्यात चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम, खाण्याचा सोडा टाकून अर्धा तास नळ्या बुडवून ठेवायच्या, ब्रश फिरवायचा, मग साध्या पाण्यात १० मिनिटं उकळायच्या. नळ्या आडव्या बुडवताना आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि मधली दोन-तीन बोटं कोरडीच राहतात. एक टोक आधी तिरपं बुडवून बुडबुडा बाहेर पडू द्या. शहरात राकसकोप-हिडकल धरणांचं पाणी येतं तिथं हा प्रश्न कमी, पण जिथं बोअरचं जड पाणी वापरतात तिथं आत पांढरा खरखरीत थर बसतो. त्याला सोडा चालत नाही. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, अर्धा तास, मग ब्रश. तो खरखरीत थर काढायचाच, कारण गुळगुळीत स्टीलपेक्षा त्याला जंतू जास्त चांगले धरतात. स्टीलला क्लोरीनचं ब्लीच मात्र नको, त्यानं बारीक खड्डे पडतात.

धुण्याइतकंच वाळवणं महत्त्वाचं, आणि आपल्याकडं ते जास्त अवघड. बारीक नळीत पाण्याचा थेंब आपल्या बळावर लटकून राहतो. आडवी ठेवलेली नळी रात्रभरात वाळत नाही, आणि मिरग बरसायला लागल्यावर तर दोन दिवसांतही नाही. आषाढात बेळगावात उशा वास मारतात, खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडं तर बोलायलाच नको. त्या दिवसांत शेवटचं विसळणं कडकडीत पाण्यानं करा, चिमट्यानं धरून झटका द्या आणि पेल्यात उभी ठेवा. पत्रा पातळ असला तरी तापलेला असतो, पाणी लवकर उडतं. पेल्याच्या तळाला घडी केलेलं कोरडं फडकं ठेवलं तर ओघळलेला थेंब ते टिपतं. तोंडानं फुंकून पाणी काढायची सवय बऱ्याच जणांना आहे. धुतलेल्या नळीत तोंडातले जंतू घालण्याचा तो सोपा मार्ग. कापडी पिशवीचं तोंड ओढून नळी आत ठेवायची ती पूर्ण वाळल्यावरच, आणि पिशवी आठवड्याला कपड्यांबरोबर धुवायची. पिशवी धुतात हे पुष्कळ घरांत कुणाच्या ध्यानातही नसतं.

बाकीच्या जातींत सिलिकॉन सगळ्यात उजवं. दातांना लागत नाही, पडलं तर इजा नाही, उकळता येतं. त्यातही लांबीतून उघडणारी नळी, जी दोन पाकळ्यांसारखी उलगडून पुन्हा दाबून मिटते, धुण्याच्या दृष्टीनं सर्वांत सरस आहे, कारण तिची आतली बाजू ताटासारखी समोर येते. दोष दोन. जोड सैल झाला की मध्येच हवा ओढते आणि घोट येत नाही. आणि सिलिकॉन वास धरतं. मसाला ताकाची नळी पुढच्या आठवड्यात सरबताला हिंगाचा वास देते. सोड्याच्या पाण्यात उकळून उन्हात ठेवली की वास कमी होतो, जात नाही. मूल चावत असेल तर आठवड्याला टोक ताणून बघा. चीर दिसली की टाका, तुकडा घशात जायला नको.

काचेची, बोरोसिलिकेटची, नळी आतून दिसते. या आढाव्याच्या कसोटीवर ती पहिली यायला हवी, आणि धुण्यात येतेही. पण बर्फाच्या पेल्यात ढवळताना टोकाचा टवका उडतो आणि उडालेला कुठं गेला ते कळत नाही. मोठ्या माणसांच्या घरात, स्वयंपाकघराबाहेर न नेता, ठीक.

तांब्याची नळी 'आरोग्यदायी' म्हणून विकतात. साध्या पाण्याला हरकत नाही. लिंबू, कोकम, ताक, सोलकढी, उसाच्या रसात पिळलेलं लिंबू, या आंबट पदार्थांत तांबं उतरतं आणि मळमळ-उलटीला कारण होतं. आपल्या आजीनं ताक कधी बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलं नाही. नळी म्हणजे बिनकल्हईचं भांडंच. घेऊ नका.

बांबूबद्दल इथं वाचणाऱ्यांना वाईट वाटेल, कारण खानापूरच्या रानात बांबू आपल्या डोळ्यासमोर वाढतो आणि बुरूड कारागिरांचं काम नजर लागेल असं असतं. सूप, टोपली, परडी बांबूचीच घ्यावी. नळी नको. आतला भाग तंतुमय असतो, रस शोषतो, ब्रशानं घासला तर कुसं निघतात. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांत आत काळे ठिपके येतात. ती बुरशी वरवर नसते, तंतूंच्या आत गेलेली असते, उकळून रंग फिका होतो एवढंच. अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत हीच नळी बरी टिकते, तिथंही दोन-तीन महिन्यांपलीकडं ओढू नये. २०२३ साली बेल्जियममध्ये ३९ ब्रँडच्या नळ्या तपासल्या होत्या. पाणी-तेल न धरणारी पीएफएएस नावाची रसायनं २० पैकी १८ कागदी नळ्यांत आणि ५ पैकी ४ बांबूच्या नळ्यांत सापडली, स्टीलच्या पाचांपैकी एकीतही नाही. प्रमाण कमी होतं, घाबरून जाण्यासारखं नव्हतं; पण 'निसर्गातली' म्हणून डोळे मिटून घेण्यासारखंही नव्हतं.

आता शाळेची बाटली. झाकण दाबलं की टपकन उघडते, आत नळी, वर सिलिकॉनचं मऊ तोंड. ती रोज धुतली जाते, म्हणजे झाकण उघडून बाटली विसळली जाते. झाकण पूर्ण सुटं करून उजेडात धरा. पाच जागा बघायच्या. पहिली, मऊ तोंडाची चीर: दोन बोटांनी दाबली की ओठांसारखी उघडते, आत काळी रेघ दिसेल. दुसरी, ते तोंड जिथं प्लास्टिकच्या खोबणीत बसतं तो घेर. तोंड ओढून काढता येतं, ते काढायचंच असतं. तिसरी, तोंडाशेजारचं टाचणीच्या डोक्याएवढं हवेचं भोक आणि त्यामागची सिलिकॉनची चिमुकली टोपी. मूल पाणी ओढतं तेव्हा तिथून बाटलीत हवा जाते, उलटी झाली की पाणी अडवायचं कामही तीच करते. दोन्हीकडून ओल आणि मधे अंधार, म्हणून बुरशी सर्वांत आधी इथं. चौथी, झाकणाच्या आतली रबरी रिंग. बोथट सुईनं किंवा दातकोरणीनं उचलून काढा, खाली चॉकलेटी चिकटा असतो. पाचवी, आतल्या नळीचं वरचं टोक, जे झाकणात घुसवलेलं असतं आणि बहुतेक घरांत कधीच उपटलं जात नाही.

नुसतं पाणी भरत असाल तर आठवड्याला दोनदा सगळं सुटं करून धुतलं तरी चालतं. सरबत, ग्लुकोज पावडर, दूध भरत असाल तर रोज; आणि रोज जमणार नसेल तर त्या बाटलीत ते भरू नका. सिलिकॉन-प्लास्टिकच्या भागांना ब्लीच चालतं: घरगुती ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्के लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यात ४ मिलिलिटर, म्हणजे छोटा चमचा भरायला थोडा कमी. आधी साबणानं घासून मगच, पाच मिनिटं, नंतर भरपूर पाणी आणि सावलीत वाळवणं. व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड त्याच वेळी, त्याच भांड्यात कधीही नाही. विषारी क्लोरीन वायू सुटतो. सिलिकॉनच्या आत गेलेला काळा डाग ब्लीचनंही जात नसेल तर तो भाग बदला. सुटे भाग मिळत नसतील तर ती बाटलीच वाईट, कितीही महागाची असो. विकत घेतानाच दुकानदाराला विचारा, "याची वरची तोटी वेगळी मिळते काय?" उत्तर नाही आलं की नळीविना, रुंद तोंडाची स्टीलची बाटली घ्या. काळा डाग दिसला म्हणून मुलाला दवाखान्यात न्यायचं कारण नाही. धडधाकट मुलाला बहुधा काही होत नाही, फार तर पाण्याला कुबट वास. दमा, ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र हयगय नको.

बाहेरचं थोडक्यात. काही ज्यूस सेंटर आणि हॉटेलं आता स्टीलची नळी पेल्यात घालून देतात. दिसायला छान. ती कशी धुतली हे बघा. पेले ज्या बादलीत बुचकळतात त्याच बादलीत नळ्यांची जुडी बुचकळून काढत असतील तर आतून पाणी फिरलं एवढंच झालं, तेही अनेकांच्या उष्ट्याचं. टायफॉइड, पाण्यातून होणारी कावीळ, जुलाब यांना असली बादली पुरते. ओठांवरचा पुरळ एकमेकांच्या लाळेतून जातो तो वेगळा. "धुतलेलीच आहे की हो," असं उत्तर आलं तर हसून नळी बाजूला काढायची आणि पेल्यालाच तोंड लावायचं. नळीपेक्षा पेल्याची कड धुणं सोपं, त्यामुळं पेला तुलनेनं स्वच्छ असतो. आपली नळी नेली तरी बर्फ त्यांचाच असतो, हे विसरू नका. एळनीर, म्हणजे शहाळं, मात्र आपल्या नळीनं प्यावं असंच. आतलं पाणी कोयत्यानं फोडेपर्यंत बंद असतं, तिथं धोका असला तर कोयत्याचा आणि नळीचा.

इजेची बाजू लोक हसण्यावारी नेतात. २०१६ साली स्टारबक्सनं अमेरिकेत सुमारे २५ लाख स्टील नळ्या परत मागवल्या, कारण लहान मुलांच्या तोंडात जखमा झाल्या होत्या. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये एक महिला हातात पेला घेऊन पडली. झाकणात घट्ट बसलेली स्टीलची नळी डोळ्यातून आत गेली आणि तिचा जीव गेला. झाकणाच्या भोकात नळी हलत नसेल तर पडताना ती बाजूला सरकत नाही, धोका तिथं आहे. म्हणून स्टीलची नळी उघड्या पेल्यात, बसून. चालत्या गाडीत, बसमध्ये, घाटात नाही. मुलांना सिलिकॉनच. चहा-काढा स्टीलच्या नळीनं ओढू नका, धातू ओठ भाजतो. दात काढल्यावर डॉक्टर सांगेपर्यंत कुठलीच नळी नको. ओढल्यानं जखमेवरची गुठळी सुटते. अर्धांगवायूच्या रुग्णाला नळीनं पाजणं सोयीचं वाटतं, पण गिळण्याची ताकद कमी असेल तर नळीतून एकदम आलेला घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. ते घरात ठरवायचं नाही, डॉक्टरांना विचारून.

तर घ्यायचं काय? घरच्या मोठ्यांना ३०४ च्या दोन सरळ नळ्या, ६ मिलिमीटरच्या, माणसी एक, टोकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून, म्हणजे अदलाबदल होत नाही. लस्सी-मिल्कशेक फार होत असेल तर ८ मिलिमीटरची एक. मुलांना उलगडणारी सिलिकॉनची. चार नळ्यांचा संच घेतलाच तर त्यातला ब्रश हातात धरून केसांची लांबी बघा, नळीत घालून अडतो का बघा, आणि सर्रकन गेला तर संच परत कपाटात टांगायला सांगा.